आपले प्रश्न : फोन करणाऱ्याची ओळख कोणी पटवायची?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये फोनवरून वैयक्तिक माहिती मागणाऱ्या अनोळखी व्यक्तींविषयीची पत्रे इतकी होती की, या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. नोव्हेंबरात त्यांना ‘कोषागार कार्यालयातून बोलतो’ असे सांगणारा फोन आला. हयातीचा दाखला ऑनलाइन न भरल्यास पुढील महिन्याचे निवृत्तिवेतन थांबेल, असे त्या माणसाने सांगितले. वडिलांचा पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि निवृत्तीची तारीख त्याने स्वतःच अचूक सांगितल्यामुळे वडिलांचा विश्वास बसला. त्यांनी जन्मतारीख आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सांगितले, पण ओटीपी मागताच त्यांनी फोन ठेवला. आता पैसे जाण्याची भीती आहे का? आणि त्याला एवढी माहिती मिळाली कशी? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या वडिलांनी योग्य क्षणी फोन ठेवला. जन्मतारीख आणि खात्याचे शेवटचे चार अंक एवढ्यावरून सहसा कोणालाही परस्पर पैसे काढता येत नाहीत. मात्र ही माहिती पुढच्या फोनसाठी भांडवल ठरते. आठवडाभराने दुसराच कोणी ‘बँकेतून बोलतो, आपल्या अमुक अंकांनी संपणाऱ्या खात्याबाबत’ अशी सुरुवात करील आणि या वेळी तो अधिक खरा वाटेल. या टोळ्या एका फोनमध्ये सगळे मिळवण्याच्या घाईत नसतात, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

माहिती कशी मिळाली, याचे नेमके उत्तर आपल्या बाबतीत देता येणार नाही, परंतु निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांचा प्रवास आठवून पाहावा. पीपीओची छायांकित प्रत बँकेत, वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या अर्जाला, कधी संघटनेच्या सभासद अर्जाला आणि प्रत्येक वेळी झेरॉक्सच्या दुकानात जाते. तेव्हा आपला पीपीओ क्रमांक एखाद्याला ठाऊक आहे यावरून तो कोषागारातला आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. आपल्याविषयी माहिती असणे आणि स्वतःची ओळख पटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणुकीचा सारा डोलारा त्यांची गल्लत होण्यावर उभा असतो.

हयातीच्या दाखल्याचे निमित्त फसवणाऱ्यांनी विचारपूर्वक निवडलेले असते, कारण त्यात थोडे तथ्यही आहे. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सुविधेतून दाखला डिजिटल पद्धतीने देता येतो आणि त्या प्रक्रियेत मोबाइलवर खरोखरच ओटीपी येतो. परंतु ती प्रक्रिया निवृत्तिवेतनधारकाने स्वतः, बँकेत, सेवा केंद्रात किंवा घरी आलेल्या पोस्टमनच्या मदतीने सुरू केलेली असते. आपण काहीही सुरू केलेले नसताना आलेला ओटीपी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी काहीतरी सुरू केले आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा आणि त्या संदेशाचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. व्यवहाराच्या ओटीपीसोबत बँक बहुधा रक्कम आणि कारणही लिहिते, पण घाईत नजर फक्त अंकांवर जाते.

आता करण्यासारखे एवढेच आहे की, वडिलांना शाखेत नेऊन घडलेला प्रकार लेखी कळवावा आणि खात्यावर इंटरनेट बँकिंग नको असल्यास ते बंद करून घ्यावे. मोबाइलचे नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ परत आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला ताबडतोब विचारावे, कारण मिळवलेल्या माहितीच्या आधारे दुसरे सिमकार्ड काढून घेण्याचे प्रकार घडतात. आधारचे बायोमेट्रिक्स कुलूपबंद करण्याची सोयही आहे. ती जरूर वापरावी, फक्त त्यात चेहऱ्याची ओळखही बंद होते हे लक्षात ठेवावे, नाहीतर पुढच्या नोव्हेंबरात खरा दाखला भरताना अडेल आणि दोष यंत्राला दिला जाईल.

प्रश्न : माझ्या बँकेतून खरोखरच फोन येतात आणि तेही ‘खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगा’ असेच म्हणतात. मी नकार दिला तर समोरची मुलगी नाराज होते. खरा फोन ओळखायचा कसा? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि ती बँकांनी ऐकायला हवी. एकीकडे ‘कोणालाही माहिती देऊ नका’ असे संदेश पाठवायचे आणि दुसरीकडे आपणच फोन करून ग्राहकाची जन्मतारीख विचारायची, या पद्धतीने बँकांनी ग्राहकांना चुकीची सवय लावली आहे. फोन ज्याने केला, त्यानेच आपली ओळख पटवून द्यायला हवी, उलट नव्हे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सूचना दिली की, व्यवहार व सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून ‘आपले केवायसी संपले’ असे कोणी सांगू लागला, तर संशयाला पुरेसे कारण आहे. तरीही पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर सगळी भिस्त ठेवू नये, आणि १६०० वरून फोन आला तरी ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन अंक सांगायचे नसतातच.

सर्वांत सोपा उपाय असा की, बोलणाऱ्याचे नाव, विभाग आणि कामाचा संदर्भ क्रमांक विचारून घ्यावा, ‘मीच बँकेच्या क्रमांकावर फोन करतो’ असे सभ्यपणे सांगावे आणि फोन ठेवावा. मग कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. गूगलवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक वापरू नये, कारण तिथेही बनावट क्रमांक पेरलेले असतात. खऱ्या कर्मचाऱ्याला यात हरकत घेण्याचे कारण नाही. ‘फोन ठेवू नका, दहा मिनिटांत खाते गोठेल’ असे जो म्हणतो, त्याने आपली ओळख स्वतःच करून दिलेली असते. त्या मुलीच्या नाराजीचे मात्र मनावर घेऊ नये.

प्रश्न : कुरिअर आले आहे, पत्ता सापडत नाही, ‘डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी हा क्रमांक लावा’ असे सांगून मला स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक मोबाइल क्रमांक लावायला सांगितला. मी लावला. माहिती तर कोणतीच दिली नाही. काही धोका आहे का? — एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आहे, आणि म्हणूनच आपले पत्र इथे घेतले आहे. तोंडाने काहीही न सांगता माहिती देऊन टाकण्याचा हा मार्ग आहे. हा कोड कॉल फॉरवर्डिंगचा आहे. तो लागू झाला की आपल्याला येणारे फोन पुढच्या क्रमांकावर वळतात. मग तो माणूस आपल्या क्रमांकाने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करतो, पडताळणीचा कोड संदेशाऐवजी फोन कॉलने मागतो आणि तो कॉल थेट त्यालाच मिळतो. त्यानंतर आपल्या मैत्रिणींना आणि काकांना ‘अडचणीत आहे, पाच हजार पाठव’ असे संदेश आपल्याच नावाने जाऊ लागतात.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने चालणारी कॉल फॉरवर्डिंगची सोय थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता, तरी त्यावर विसंबून राहू नये. दोनदा हॅश, ००२ आणि पुन्हा एक हॅश असे लावल्यास सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग रद्द होते. ते आजच करावे, फोनच्या सेटिंगमध्ये पाहून खात्री करावी आणि शंका राहिल्यास मोबाइल कंपनीला विचारावे. व्हॉट्सॲपमध्ये दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन ठेवला, तर नुसत्या कोडवर कोणाला आपले खाते ताब्यात घेता येत नाही.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातील माणसाने माझ्या आईला ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगितले आणि आधार, बँक खाती, ठेवी यांची माहिती विचारली. अशी अटक असते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नसते. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरील अटकेची तरतूदच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हेच सांगितले होते. फोन बंद करावा आणि आईला एकटे ठेवू नये. कोणाशीही बोलू न देणे, हेच त्या टोळ्यांचे मुख्य हत्यार असते.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे ‘रिवॉर्ड पॉइंट’ आज संपणार असल्याचा फोन आला आणि यजमानांनी ओटीपी सांगितला. ४८,००० रुपये गेले. तीन दिवस झाले. चूक आपलीच, तक्रार करून काय मिळणार, असे म्हणून ते घरातही त्याबद्दल बोलू देत नाहीत. खरेच काही उपयोग नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हे उत्तर वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. थांबला असाल, तर अजूनही तक्रार करावी. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. चोरलेले पैसे एका खात्यात टिकत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पुढे पुढे सरकवले जातात आणि शेवटी रोख काढले जातात. १९३० वर नोंद झाली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती रोखून धरता येते. म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते, पण त्यासाठी मुळात तक्रार असावी लागते.

बँकेच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात चौकट आखून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तशीच सूचना काढली. त्यानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. यजमानांच्या बाबतीत पहिला भाग कडू आहे, पण दुसऱ्या भागासाठी तरी कार्ड बंद करून तारीख-वेळेसह लेखी पोच घ्यायलाच हवी. ज्यांनी काहीही सांगितलेले नाही आणि बँकेचाही दोष नाही, अशा वाचकांसाठी नियम अधिक उदार आहे : बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार येत नाही आणि चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी तो १०,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

एक धोका पुढेही आहे. काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतो, तुमचे पैसे सापडले, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांची यादी या बाजारात महाग विकली जाते. यजमान घरात बोलत नसतील, तर हा फोन ते एकट्याने घेतील, एवढे त्यांना जरूर सांगावे.

प्रश्न : असे फोन आले की मी खोटी नावे, खोटे कार्ड क्रमांक सांगून त्यांचा अर्धा तास वाया घालवतो. मित्रांना हा प्रकार आवडतो. आपले मत? — एक वाचक, नागपूर

उत्तर : मौज समजते, पण शिफारस करणार नाही. आपला क्रमांक चालू आहे, उचलला जातो आणि त्यावरचा माणूस बोलत राहतो, एवढे त्यांना कळते, आणि आपल्या आवाजाचा नमुनाही त्यांच्याकडे जातो. तो अर्धा तास वाचवून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘चक्षू’ सुविधेत त्या क्रमांकाची नोंद करावी. संशयित फोन आणि संदेश कळवण्यासाठीच ती आहे. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर नोंद करत बसू नये, थेट १९३० लावावा. त्याच संकेतस्थळावर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या चालू आहेत हेही पाहता येते, आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास ‘हा माझा नाही’ असे तिथल्या तिथे कळवता येते.