दुसऱ्या घराचे कर्ज: करसवलतीसाठी चालू ठेवावे की फेडावे?

सप्रेम नमस्कार. चिंचवडच्या घराचे कर्ज आपण फेडले आहे. तळेगाव दाभाडे येथील भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मात्र ३८ लाखांचे कर्ज ८.३ टक्के दराने बाकी असून हप्ता ४० हजारांचा आहे. मुदत ठेवीचे १४ लाख रुपये हाती येत असताना ते कर्जात भरले तर व्याजावरची करसवलत जाईल, अशी भीती आपल्याला वाटते. ही भीती मी अनेकांकडून ऐकतो, म्हणून आपलेच आकडे मांडून पाहू.

भाडे महिना १८ हजार, म्हणजे वर्षाला २,१६,०००. त्यातून १२,००० रुपये घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्या २,०४,००० वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. सोसायटीचा मेन्टेनन्स आणि रंगकाम आपण वेगळे धरले आहे, तसे चालत नाही. तो खर्च या ३० टक्क्यांतच आला. राहिले १,४२,८०० रुपये. यंदाचे व्याज सुमारे ३,१०,०००. आपण नवीन करप्रणालीत आहात आणि तिथे भाड्याच्या घराचे व्याज वजा होते खरे, पण घराचा तोटा, म्हणजे भाड्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेले व्याज, पगारातून वळता करता येत नाही. म्हणजे १,४२,८०० रुपयांपुरतेच व्याज कामी येते. वरचे १,६७,२०० रुपये आपण कोणत्याही सवलतीविना, पूर्णपणे खिशातून भरत आहात.

मग जुन्या प्रणालीत जावे का? तिथे घराचा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, त्यामुळे आपला कर सुमारे ५२ हजारांनी कमी होईल. पण १८ लाखांच्या पगारावर भविष्य निर्वाह निधीसह दीड लाखांची गुंतवणूक, २५ हजारांचा आरोग्य विमा आणि हा तोटा, असे सगळे धरूनही जुन्या प्रणालीत कर २,४४,००० च्या घरात जातो, तर २०२५-२६ च्या दरांनी नवीन प्रणालीत तो १,५०,८०० होतो. त्यामुळे या सवलतीच्या ओढीने मागे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाती येणाऱ्या १४ लाखांपैकी १० लाख आज भरले तर पुढच्या वर्षभरातील व्याज सव्वादोन लाखांच्या आसपास येईल. ते १,४२,८०० पेक्षा अजूनही बरेच जास्त आहे, म्हणजे सवलतीचा एक रुपयाही जात नाही आणि वाचणाऱ्या व्याजाची पूर्ण रक्कम आपल्या पदरात पडते. तेच १० लाख ६.५ टक्क्यांच्या ठेवीत पुन्हा ठेवले, तर २० टक्क्यांचा कर आणि उपकर जाऊन हातात जेमतेम ५.१५ टक्के येतील. उरलेल्या ४ लाखांना मात्र हात लावू नका. भाडेकरू सोडून गेला आणि दोन-तीन महिने घर रिकामे राहिले, तरी हप्ता थांबत नाही.

भाडेकरू काढून हे घर शनिवार-रविवारसाठी ठेवावे, असा वहिनींचा विचार आपण कळवला आहे. दोन घरे स्वतःच्या राहण्याची म्हणून दाखवता येतात, पण नवीन प्रणालीत अशा घराच्या व्याजाला काहीच सवलत नाही, शिवाय भाडेही जाईल. कर्ज असेपर्यंत तरी हे परवडणारे नाही. त्यांना नीट समजावून सांगा, कारण त्यांची इच्छा चुकीची नाही, फक्त वेळ आजची नाही.

पैसे भरताना एक काळजी घ्या. बँकेच्या अर्जावर ‘हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी’ असे स्वच्छ शब्दांत लिहा. नाहीतर काही ठिकाणी हप्ताच कमी करून मुदत तशीच ठेवली जाते. मुदत कमी केल्यास आजचे बाकी १३ वर्षांचे कर्ज सुमारे ८ वर्षांत संपेल. आपले कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचे आहे, त्यामुळे मुदतपूर्व भरण्यावर बँकेला दंड लावता येत नाही. परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्या आणि पहिल्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती, ते स्वतः ताडून पाहा.