आजी-आजोबांसह ‘फँटास्टिक फोर’ पाहण्यापूर्वी

आई-वडील भारतातून मुक्कामाला आले की तिन्ही पिढ्यांनी एकत्र बसून पाहावा असा चित्रपट कोणता, हा प्रश्न परदेशातील बहुतेक मराठी घरांत पडतो. मुलांना अतिमानवांचे चित्रपट हवे असतात, पण त्यांतील बरेचसे आधीचे अनेक भाग पाहिल्याशिवाय उमगत नाहीत आणि मग आजी-आजोबा अर्ध्या तासात कंटाळतात. मॅट शॅकमन यांनी दिग्दर्शित केलेला, जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ मी अशा कुटुंबांना आवर्जून सुचवते. त्यासाठी आधीचे काहीही पाहिलेले असावे लागत नाही, तो दोन तासांच्या आत संपतो आणि स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये निर्माण केलेल्या या पात्रांना तो साठच्या दशकातल्याच, पण उडत्या मोटारींच्या न्यूयॉर्कमध्ये ठेवतो.

मात्र मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो त्यातील घरामुळे. शास्त्रज्ञ रीड, त्याची पत्नी स्यू, तिचा धाकटा भाऊ जॉनी आणि अंतराळातील किरणांमुळे ज्याचे शरीर दगडाचे झाले आहे तो रीडचा जुना मित्र बेन, असे चौघे एका छताखाली राहतात. रविवारी रात्रीचे जेवण एकत्र घ्यायचे, हा त्यांचा नेम आहे. स्यूला दिवस गेल्याची बातमी अशाच एका रविवारी, नवरा-बायकोने काही सांगण्याआधीच, उरलेल्या दोघांच्या लक्षात येते. पुढे अंतराळात शत्रूकडून पाठलाग सुरू असताना, यानातच, वजनरहित अवस्थेत त्यांच्या बाळाचा, फ्रँकलिनचा, जन्म होतो, तेव्हा स्यूजवळ नवरा, भाऊ आणि नवऱ्याचा मित्र यांच्याखेरीज कोणीही नसते. व्हिसा वेळेवर न मिळाल्यामुळे जिची आई बाळंतपणाला पोहोचू शकली नाही, तिला या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अशा कुटुंबांना माझा सल्ला आहे की, रात्री-अपरात्री रुग्णालयात धावून आलेल्या मित्राला केवळ दिवाळीच्या फराळापुरते बोलावू नका. त्याचे नाव शाळेच्या आपत्कालीन संपर्कांच्या यादीत घाला, मूल आजारी असेल तेव्हा त्याला हक्काने हाक मारा, आणि मुलाच्या संगोपनाविषयी त्याने काही सुचवले तर ते काकाच्या अधिकाराने सुचवले आहे असे मानून ऐका. पुण्या-नाशिकला असलेल्या सख्ख्या मामाचे स्थान त्यामुळे कमी होत नाही. त्याच्याशी रविवारचा व्हिडिओ कॉल चालूच ठेवावा, आणि तो मोठ्यांच्या गप्पांत न संपवता थोडा वेळ मामा-भाच्यांसाठी राखावा.

गॅलॅक्टस हा ग्रहभक्षक पृथ्वीला सोडण्याच्या बदल्यात हे बाळ मागतो. चौघे नकार देऊन परततात, पत्रकारांना खरे ते सांगतात आणि काल जयजयकार करणारे लोक त्यांच्यावर उलटतात. त्यानंतरचा रीड आणि स्यू यांच्यातील संवाद मला सर्वांत अस्सल वाटला. बाळ देऊन टाकण्याच्या पर्यायाचा हिशेब रीडने मनात करून पाहिलेला असतो, तो तसे कबूल करतो आणि स्यू संतापते. पेद्रो पास्कल आणि व्हेनेसा कर्बी यांनी हे भांडण आवाज फारसा न चढवता उभे केले आहे. परतायचे की राहायचे, आई-वडिलांना इकडे आणायचे की नाही, अशा प्रश्नांवर आपल्याकडेही एक जण सगळी गणिते मांडून बसलेला असतो आणि दुसऱ्याला ती आकडेमोड निर्दय वाटते. हिशेब करणारा माणूस प्रेमशून्य नसतो. पण हिशेब सांगण्याआधी त्याने स्वतःची भीती सांगायला हवी. चित्रपट पाहून झाल्यावर पती-पत्नींनी याच प्रसंगावर शांतपणे बोलावे, असे मी सुचवेन. स्यू पुढे बाळाला कडेवर घेऊन संतप्त जमावासमोर जाते आणि जगासाठी मुलाचा बळी देणार नाही, तसेच मुलासाठी जगाचाही देणार नाही, असे सांगते. मोठ्या मुलांशी बोलण्यासाठी तो प्रसंग उत्तम आहे.

लहान मुलांबाबत सावध राहावे. अमेरिकेत चित्रपटाला पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी सावध राहावे) आणि ब्रिटनमध्ये १२ए (चित्रपटगृहात बारा वर्षांखालील मुलांसोबत मोठे माणूस हवे) हे प्रमाणपत्र आहे. बाळाला हिरावून नेण्याची धमकी कथेत सतत डोक्यावर असते, आणि शेवटच्या लढाईत स्यूचा प्राण जातो व फ्रँकलिनच्या स्पर्शाने तो परत येतो. ज्या घरात नुकतेच धाकटे भावंड आले आहे, तिथल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे सोसवणार नाही. त्याच्यासाठी दोन-तीन वर्षे थांबणे योग्य. त्याहून मोठ्या मुलांना आई वाचते, हे आधीच सांगून ठेवले तरी रसभंग होत नाही. आजी-आजोबांसाठी घरीच डिझ्नी प्लसवर इंग्रजी उपशीर्षके लावून पाहणे सोयीचे पडते, कारण संवाद वेगाने येतात आणि मधे थांबवून नातवंडांना आजीला कथा समजावून सांगता येते.