रक्ताच्या आजारात समाजशास्त्राचं काय काम?

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. आमच्याच बायोकेमिस्ट्रीच्या सरांसोबत सिकलसेलवर, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, प्रोजेक्ट करायचाय, पण प्राचार्य म्हणतात रक्ताच्या आजारात तुमचं काय काम, अन् स्टाफरूममध्ये सगळे सांगतात जॉइंट पेपर नका करू, बढतीसाठी मोजतात ते पॉइंट अर्धे होतात. काय करू?

उत्तर: मॅडम, आधी पॉइंटचं सांगून टाकतो. अर्धे नाही होत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दोघांचा पेपर असला तर दोघांनाही ७० - ७० टक्के मिळतात. तिघं-चौघं झाले की मुख्य लेखकाला ७० अन् बाकीच्यांना ३० - ३०, म्हणून नावांचा क्रम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, पेपर झाल्यावर हा विषय निघाला की चांगल्या चांगल्या दोस्त्या तुटतात, मी पाहिलंय.

आता प्राचार्यांचं. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट एकदा सरांच्या शेजारी उभं राहून बघाच. द्रावणात रक्त मिसळून त्या नळीमागे रेघांचा कागद धरतात, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. वाहक (ज्याच्यात दोष एकाच पालकाकडून आलाय, तो स्वतः सहसा आजारी नसतो) कोण अन् रुग्ण कोण हे मात्र ती सांगत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या लॅबच्या तपासण्या लागतात. इथवर सरांचं काम. पुढे तो रिपोर्ट घरी जातो ना! गडचिरोलीकडे एका घरात मी तो पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवलेला पाहिला, आई म्हणे पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या मग काढू. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, हे त्या माउलीला कोण सांगणार अन् कोणत्या शब्दांत? हा तुमचाच विषय आहे. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं राष्ट्रीय मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, ते नुसत्या नळ्यांनी कसं पुरं होईल!

फक्त प्रश्नावल्या भरून आणायला तुम्हाला घेतलंय असं होऊ देऊ नका, संशोधनाचा प्रश्नच दोघांनी मिळून ठरवा. रक्ताचा पहिला थेंब घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी पाहिजेच, अन् आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे त्या कमिटीतही सामाजिक शास्त्रांचा, नाहीतर तत्त्वज्ञान-नीतिशास्त्रासारख्या विषयाचा एक माणूस लागतो, नियमांचं हे पान प्राचार्यांसमोर ठेवा. त्यांच्याकडे लगेच पैसे नका मागू, टाइमटेबलमध्ये दोघांना आठवड्याची एकच दुपार सोबत मोकळी मागा. तुमचं लेक्चर संपतं तेव्हा सरांचं प्रॅक्टिकल सुरू होतं, मग भेटणार कधी?