निब सोन्याची नाही, तरी 'पेन परत घेणार नाही'

प्रश्न : सणाला वडिलांना भेट द्यायला हाताने घडवलेलं एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) फाउंटन पेन ऑनलाइन मागवलं. वर्णनात '१४ कॅरेट सोन्याची निब' लिहिलं होतं. निब निघाली स्टीलची, वर सोन्याचा मुलामा. विक्रेत्याने फोनवर ते मान्यही केलं. शिवाय शाई गळते. आता तो म्हणतो, 'हातकाम आहे, शाई भरलेलं पेन परत घेत नाही, बिलावर तसं छापलंय.' बिल माझ्या नावे आहे, पेन वडील वापरतात. तक्रार कोणी करायची?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींचं वजन सारखं नाही. भर निबेवर द्या.

एबोनाइटच्या बऱ्याच पेनांत शाई थेट नळीत भरतात. शाई कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब पडतो. आट्यांना ग्रीस नसेल तर तिथूनही पाझरते. विक्रेता हेच सांगेल, आणि दोष घडणीतला की वापरातला हे ठरवायला तपासणी लागेल.

निबेचं तसं नाही. १४ कॅरेट म्हणजे हजारात सुमारे ५८५ भाग सोनं. हातकामात रंगाची छटा किंवा लेथची एखादी रेघ वेगळी येईल, ती आपण समजून घ्यावी. पण धातू बदलत नाही. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूमच असायला हवा.

बिलावर छापलेल्या ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मात्र वडिलांना आजपासून पेन वापरणं थांबवायला सांगा. दोष कळल्यावरही वापर चालू राहिला, तर तुम्ही माल स्वीकारला असं तो म्हणेल.

खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कलम २(७) प्रमाणे ग्राहकच, म्हणजे वडीलही तक्रार करू शकतात. तरी पैसे तुम्ही भरलेत, तेव्हा तक्रार तुमच्या नावे करा आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडा.

सर्वांत तातडीचा आहे पुरावा. फोनवरची कबुली सिद्ध करणं अवघड जातं. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर साधा प्रश्न विचारा, 'निब सोन्याची आहे की मुलाम्याची?' आलेलं उत्तर जपून ठेवा. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट ते बदलण्याआधी घ्या. मग ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पंधरा दिवसांची मुदत देऊन पैसे परत मागा. लेखी पोच मिळाल्याशिवाय पेन पाठवू नका. ते गेलं की मुख्य पुरावाच गेला.

दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका.

तोवर शाई काढून पेन पेटीत ठेवा. निब बदलून किंवा कुणाकडून दुरुस्त करून घेऊ नका.