भारित औषधं आतड्यातून कशी शिरतात

‘आम्लधर्मी औषध जठरात शोषलं जातं’ एवढं पाठ करून थांबू नका, ॲस्पिरिनचं गणित हाताने मांडा. पेशींच्या पडद्यातून बिनभाराचे रेणूच सहज पलीकडे जातात. ॲस्पिरिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, ३.५. जठराचा पीएच १.५ धरला तर एका भारित रेणूमागे शंभर बिनभाराचे. आतड्यात, ६.५ ला, उलटं: एका बिनभाराच्या रेणूमागे हजार भारित. तरीही बहुतेक शोषण लहान आतड्यातच होतं! तिथला पृष्ठभाग प्रचंड; शिवाय बिनभाराचा रेणू पलीकडे गेला, की भारितांतून लगेच दुसरा तयार होतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

स्नायूंच्या दुर्बलतेवरच्या निओस्टिग्मिनला ही सोय नाही. त्याच्या चतुर्थक (चार कार्बनना जोडलेल्या) नायट्रोजनवरचा भार कुठल्याच पीएचला उतरत नाही, म्हणून इंजेक्शनच्या ०.५ मिग्रॅच्या जागी तोंडाने १५ मिग्रॅ लागतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही भारितच, पण वाहक प्रथिनं त्याला आत ओढतात. साधारण निम्मं शोषलं जातं.