सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयातलं मोराचं घड्याळ कुणी बनवलं आणि आधी ते आरमारातल्या कुणाचं होतं?

बनवलं लंडनच्या जेम्स कॉक्सने, 18 व्या शतकात, हा माणूस अशा चालत्या-बोलत्या श्रीमंती वस्तूंसाठी प्रसिद्धच होता. मालक म्हणजे प्रिन्स ग्रिगोरी पोटेमकिन, कॅथरीन राणीच्या अगदी खास मर्जीतला, आणि रशियाचं काळ्या समुद्रावरचं आरमार 1783 मध्ये उभं राहिलं ते त्याच्याच पुढाकाराने. म्हणून आरमारवाला म्हणतात ते बरोबरच आहे, पण तो जहाजावर वाढलेला खलाशी नव्हे, मूळचा घोडदळातला.

घड्याळ रशियात आलं तेव्हा सुटं केलेलं होतं, ते जोडून परत चालू केलं रशियन यंत्रकारागीर इव्हान कुलिबिनने 1790 च्या दशकात, आणि माझ्या मते कॉक्सइतकंच श्रेय या माणसाला द्यायला पाहिजे, कारण दुसऱ्याने बनवलेलं एवढं गुंतागुंतीचं यंत्र समजून घेऊन जुळवणं म्हणजे खायचं काम नाही. पोटेमकिन तोवर, 1791 मध्येच, वारला होता.

आता गंमत बघा, एवढा मोठा सोनेरी मोर पण वेळ दाखवणारी तबकडी कुठे, तर खाली एका अळंबीच्या टोपीत, आणि तिच्यावर बसलेला चतुर कीटक सेकंदासेकंदाला सरकतो! चावी दिली की आधी घुबडाचा पिंजरा फिरतो, घंटा वाजतात, मग मोर पिसारा फुलवून सावकाश पाठ फिरवतो, आणि शेवटी कोंबडा आरवतो. तिन्ही पक्ष्यांची यंत्रं वेगवेगळी आहेत. सेंट पीटर्सबर्गला गेलात तर कधी चालवतात ते आधी विचारून घ्या, रोज चालवत नाहीत.