‘मराठी धड नाही’ म्हणून लिहिणे थांबवावे का?

“मराठी धड नाही, कानडी धड नाही, मग हा लिहिण्याचा नाद कशाला हो मॅडम?” हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पालक मला वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. जांबोटीकडच्या एका आईने तो विचारला तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, शिकणारी तिची मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दहावीपर्यंत ती यमके जुळवायची, मैत्रिणींसाठी उखाणे आणि कोडी रचायची. पुढे एका स्पर्धेत तिच्या निबंधातले ‘मी पुस्तक वाचलो’ हे वाक्य सर्वांसमोर हसत वाचून दाखवले गेले आणि तिने वही कपाटात टाकली.

झोप, भूक, अभ्यास, मैत्रिणी सारे व्यवस्थित होते. अडले होते ते फक्त लिहिणे. म्हणून आधी त्या वाक्याविषयीच बोललो. कानडीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि त्या शेजारामुळे इकडच्या मराठीतही ‘मी वाचलो’, ‘मी काम केलो’ ही रीत रुळली आहे. परीक्षेच्या उत्तरात ‘मी पुस्तक वाचले’ असेच लिहावे लागेल, हे मी तिला स्पष्ट सांगितले. मात्र घरात सगळे जसे बोलतात तसे लिहिणे हा अडाणीपणा नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगितले.

अशा वेळी ‘मनातले सगळे लिहून काढ’ हा सल्ला हमखास दिला जातो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहायला लावले होते आणि त्या पद्धतीचा उपयोग आजही होतो. पण जिला आपले हसे होण्याचीच धास्ती आहे, तिच्यापुढे मन उघडे करण्याची अट ठेवली की ती आणखी आखडते. मी तिला खेळ दिला, कारण खेळात तपासला जातो तो नियम, लिहिणारी नव्हे.

नियम मोरोपंतांकडून घेतला. पन्हाळ्यात जन्मलेल्या या कवीने (1729–1794) रचलेल्या अनेक रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ’ आहे, म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात नाहीत. तिला याच अटीवर जांबोटीच्या पावसाविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. ‘पाऊस’ हा शब्दच बाद झाल्यावर ती बराच वेळ पेन चावत बसली, दोनदा खोडले, आणि मग लिहिले: “काल रात्री ढग गरजला, गार सरी दारात आल्या, आजी दचकून जागी झाली: कोण रं ते?” बोलीतला हा ‘रं’ ओघात आला होता आणि तो चुकीचा तर नाही ना, असे तिने विचारलेही नाही. प्रत्येक शब्द ओठांवर बोट ठेवून तपासण्यातच ती गुंतली होती. आईलाही हुरूप आला, पण स्वयंपाकाविषयीची तिची पहिलीच ओळ ‘भात’ या शब्दावर अडली आणि मायलेकी मोकळेपणाने हसल्या.

पुढच्या भेटींत खर्डा आणि पक्की प्रत यांची फारकत केली. खर्ड्यात शुद्धलेखन पाहायचे नाही. ते चार दिवसांनी, शब्दकोश हाताशी घेऊन पाहायचे. पक्की प्रत करताना निवेदनातली वाक्ये तिने प्रमाण मराठीत आणली आणि आजीचे बोलणे मात्र जसेच्या तसे ठेवले. असे कोठे काय ठेवायचे हे ठरवता येणे, माझ्या मते, भाषा येण्याचेच लक्षण आहे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे मराठी साहित्य संमेलने भरतात, तेव्हा तिला तिथे कविता वाचायला लावू का, असे आईने उत्साहाने विचारले. ते मुलीने मागितल्याशिवाय नको, असे मी म्हटले. गुणांची काळजी रास्त होती. त्यासाठी अभ्यास आटोपल्यावर अर्धा तास, एवढी वेळ ठरली. आईला पथ्य एकच सांगितले: वही तिने दिल्याशिवाय उघडायची नाही आणि दिली तर पहिल्या वाचनात एकही चूक दाखवायची नाही.